काळा म्हणजे काळाच हवा: मिंट, दुसरा मॉनिटर आणि सर्व्हिस सेंटर (वापरानंतरचा अनुभव)

आधी निकाल सांगते, घाईत असाल तर एवढंच वाचून जा. विंडोजऐवजी लिनक्स मिंट 22 ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम टाकलेल्या लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडून रोज आठ-दहा तास काम होतं का? होतं, छान होतं. फक्त लॅपटॉपचा कुठला पोर्ट आत कुठल्या ग्राफिक्स कार्डाला जोडलाय हे विकणारा सांगत नाही, दुरुस्त करणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि आपल्याला कळेपर्यंत समोर मदरबोर्डचं कोटेशन आलेलं असतं.

सामान थोडक्यात. 15.6 इंची गेमिंग लॅपटॉप, इंटेलचं आतलं ग्राफिक्स, शिवाय एनव्हिडियाचं जीटीएक्स 1650. मी गेम खेळत नाही. पण डॉसवालं मॉडेल असल्यामुळे विंडोजचे पैसे वाचले आणि सेलमध्ये ते साध्या ऑफिस लॅपटॉपपेक्षाही स्वस्तात पडलं, मग कशाला सोडा? मॉनिटर 24 इंची, फुल एचडी, आयपीएस, 60 हर्ट्झ. काम मुद्रितशोधनाचं आणि पानं लावायचं. डावीकडे लेखकाची फाइल, उजवीकडे स्क्रायबस या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधलं पान. श्रावण लागला की दिवाळी अंकांच्या फाइली येऊन आदळायला लागतात. त्या दिवसांत एका पडद्यावर काम करून पाहा म्हणजे दुसऱ्याची किंमत कळेल.

पहिले काही महिने लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्याने सुचवलेला ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला, एचडीएमआयची केबल खोचली, पडदा लागला. तेव्हाच अनुभव लिहिला असता तर पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते.

मग लॅपटॉपची डावी बिजागरी कुरकुरायला लागली. वॉरंटी होती, सर्व्हिस सेंटरला दिला. बिजागरी चांगली बसवून दिली, त्याबद्दल तक्रार नाही. सोबत कुणी न सांगता बायोसही (लॅपटॉप सुरू करणारं आतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून दिला, 'फ्री ऑफ कॉस्ट'. घरी आणून केबल लावली तर मॉनिटरवर 'नो सिग्नल'. केबल बदलली, तेच. मॉनिटर भाच्याच्या लॅपटॉपला लावला, लगेच लागला. म्हणजे घोळ माझ्याच लॅपटॉपमध्ये.

परत सर्व्हिस सेंटर. काउंटरवरच्या मुलाने पडद्यावरचा मिंटचा हिरवा लोगो पाहिला आणि निदान तिथेच संपलं.

"मॅडम, तुम्ही लिनक्स टाकलंय. त्याच्यामुळे पोर्ट गेलाय."

"सॉफ्टवेअरमुळे पोर्ट कसा जाईल?"

"विंडोज टाकून आणा, मग चेक करू."

"बिल बघा की. डॉस लिहिलंय. विंडोज तुम्ही दिलंत कुठे?"

यावर तो आत गेला आणि बऱ्याच वेळाने एक छापील कागद घेऊन आला. एचडीएमआय पोर्ट मदरबोर्डवर असतो, मदरबोर्ड बदलावा लागेल, 26,000 रुपये अधिक जीएसटी, वॉरंटीत बसणार नाही. शिवाय तपासणीचे 590. तपासलं काय, तर लोगो! सही न करता लॅपटॉप उचलला. 590 मात्र द्यावे लागले, नाहीतर ते लॅपटॉप हातात देईनात.

इथून पुढचं नीट वाचा, कुणाचे तरी 26,000 वाचतील.

घरी आल्यावर मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह (डिस्कला हात न लावता त्यावरूनच मिंट चालतं) लावून लॅपटॉप त्यावरून सुरू केला. मॉनिटर लागला! त्याच पोर्टावर, त्याच केबलवर. म्हणजे पोर्ट ठणठणीत. लाइव्ह मिंट एनव्हिडियाच्या कार्डासाठी नूवो हा मुक्त ड्रायव्हर वापरतं. तो कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, असतो आणि कर्नलसोबत सही होऊन येतो. डिस्कवरच्या मिंटमध्ये मी एनव्हिडिया कंपनीचा ड्रायव्हर टाकलेला, आणि तो टाकला की नूवोला बाजूला बसवलं जातं. तेव्हा फरक ड्रायव्हरचाच.

मग डिस्कवरून सुरू करून 'सिस'मधल्या 'क्लास'मधलं 'डीआरएम' हे फोल्डर उघडलं. तिथे प्रत्येक पोर्टच्या नावाचं एक फोल्डर असतं आणि त्यात 'स्टेटस' नावाची इवलीशी फाइल, आत एकच शब्द: कनेक्टेड किंवा डिस्कनेक्टेड. माझ्याकडे लॅपटॉपचा स्वतःचा पडदा होता, डीपी-1 होता (डीपी म्हणजे डिस्प्लेपोर्ट, मॉनिटर जोडायचा दुसरा मार्ग), आणि एचडीएमआयचं फोल्डरच नव्हतं. ही खूण लक्षात ठेवा. 'डिस्कनेक्टेड' दिसलं तर केबलवर संशय घ्यायचा. नावच गायब असेल तर तो पोर्ट ज्या कार्डाचा आहे ते कार्ड जागंच झालेलं नाही. माझ्या लॅपटॉपचा एचडीएमआय थेट एनव्हिडियाच्या कार्डाला जोडलाय, इंटेलशी त्याचा संबंध नाही. (पॅनेलवरच्या आयकॉनमधून बॅटरी वाचवायला 'इंटेल' निवडलंत तरी असा पोर्ट गप्प होतो. आधी ते बघा.)

ड्रायव्हर हाताने चढवायला गेले तर टर्मिनलने (आज्ञा टाइप करायच्या खिडकीने) उत्तर दिलं: 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. 'मोकुटिल' या आज्ञेला सिक्युअर बूटची स्थिती विचारली: एनेबल्ड. सगळा उलगडा झाला. बायोस अपडेट करताना सेटिंग मूळपदावर गेली, आधी बंद असलेलं सिक्युअर बूट चालू झालं, आणि ते चालू असलं की ज्या मॉड्यूलची (ड्रायव्हरच्या तुकड्याची) डिजिटल सही यंत्र ओळखत नाही ते कर्नल आत घेत नाही. माझ्याच संगणकावर तयार झालेल्या ड्रायव्हर मॉड्यूलला ओळख कोण देणार?

उपाय दोन. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा, मिनिटभराचं काम. नाहीतर 'मोकुटिल'ने आपली सही ओळखणारी किल्ली (एमओके) नोंदवा: एक तात्पुरता पासवर्ड द्यायचा, रीस्टार्ट करायचं, निळा पडदा येतो, त्यात 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड टाकायचा. हा निळा पडदा जेमतेम दहा सेकंद वाट बघतो आणि निघून जातो, तेव्हा रीस्टार्ट करून चहा ठेवायला उठू नका. मी दुसरा मार्ग घेतला. एचडीएमआय लागला. खर्च शून्य.

590 रुपयांसाठी मी मेल लिहिली, सोबत लाइव्ह पेनड्राइव्हवर चालणाऱ्या मॉनिटरचा फोटो. उत्तर नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवल्यावर पैसे परत आले. दिलगिरीचा शब्द नाही, पण पैसे आले हे महत्त्वाचं.

इथे खरं तर लेख संपायला हवा होता. पण एचडीएमआय कुठे जोडलाय हे कळल्यापासून मला पंखा ऐकू यायला लागला. तो आधीही वाजत असणार, मी सगळं खापर पुण्याच्या उकाड्यावर फोडत होते. मॉनिटर एनव्हिडियाच्या पोर्टावर असला की ते कार्ड झोपूच शकत नाही. मी नुसते ऱ्हस्व-दीर्घ तपासत असते आणि आत गेमिंगचं कार्ड जागरण करतंय, हे पटेना. वीजबिल माझं, गरम होणारा तळहातही माझाच.

लॅपटॉपला टाइप-सी होता आणि त्याच्याशेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह, 'डी'च्या आत 'पी'. वर सांगितलेल्या फोल्डरात डीपी-1 इंटेलच्या कार्डाखाली दिसत होतं, म्हणजे हा पोर्ट इंटेलचा. सगळ्या गेमिंग लॅपटॉपांत असं नसतं, काहींचा टाइप-सीसुद्धा वेगळ्या कार्डालाच जोडलेला असतो, तेव्हा केबल घेण्याआधी तपासा. तपकीर गल्लीत टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल मागितली तर पहिल्या दुकानदाराने फोन चार्जिंगची वायर पुढे केली. "सगळ्या सारख्याच असतात ताई." नसतात. पुढच्या दुकानात हवी ती मिळाली, 1,100 सांगितले, 850 ला दिली.

लावली, पडदा लागला, पंखा थांबला. बॅटरीही आता जास्त पुरते. पाचपैकी सहा तारे द्यावेत असं वाटलं, आणि तेवढ्यात टर्मिनल उघडलं.

काळा रंग काळा नव्हता. शाईत पाणी घातल्यासारखा राखाडी. पांढरं पानही मळकट. इतके दिवस एचडीएमआयवर हाच मॉनिटर स्वच्छ काळा दाखवत होता. घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं, कुणाला फरक दिसेना. "ब्राइटनेस वाढव," असा सल्ला मिळाला. पण बारा पॉइंटातला अनुस्वार आहे की कागदावरचा कण, हे दिवसभर बघायचं असेल तर काळ्यातला राखाडीपणा डोळ्यांत खुपतो. तीन-चार संध्याकाळी मी मॉनिटरचे कॉन्ट्रास्ट, गॅमा, 'मूव्ही मोड', 'रीडिंग मोड' यांच्याशी खेळण्यात घालवल्या. कलर प्रोफाइलही बदलून पाहिली.

मूळ भलतीकडेच निघालं. 1920 गुणिले 1080, 60 हर्ट्झ हा टीव्हीचाही ठरलेला आकार आहे. इंटेलचा ड्रायव्हर तो आकार पाहून समोर टीव्ही आहे असं धरतो आणि रंगाच्या 0 ते 255 पायऱ्यांऐवजी टीव्हीच्या रिवाजाप्रमाणे 16 ते 235 पाठवतो. मॉनिटर बिचारा 0 ची वाट बघतोय आणि मिळतोय 16, तो त्याला राखाडीच दाखवणार. 1440 रेषांच्या मॉनिटरवर हा त्रास होत नाही, कारण तो आकार टीव्हीच्या यादीत नाही. स्वस्त मॉनिटर घेतल्याची ही शिक्षा म्हणायची.

उपाय एका ओळीचा. टर्मिनलमध्ये 'एक्सरँडआर' या आज्ञेला डीपी-1 चे गुणधर्म विचारा. त्यात 'ब्रॉडकास्ट आरजीबी' सापडेल, समोर 'ऑटोमॅटिक'. त्याचं 'फुल' करा. एंटर मारल्याक्षणी पडद्यावर शाई उतरली. मी चक्क टाळी वाजवली. मिंट 22 चा सिनॅमन डेस्कटॉप मुळात एक्सवर (पडद्यावर चित्र काढणारी जुनी व्यवस्था) चालतो म्हणून हे जमतं. केडीई हा दुसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांना वेलँडमध्ये (एक्सच्या जागी आलेली नवी व्यवस्था) डिस्प्ले सेटिंगमध्येच ही सोय आहे, त्यांनी टर्मिनलच्या वाटेला जायचं कारण नाही.

डिस्प्लेपोर्टचं कौतुक इतकंही करत नाही. एचडीएमआयवर मॉनिटर बटणाने बंद केला तरी लॅपटॉपला तो जोडलेलाच वाटायचा. आता बटण दाबलं की मॉनिटर उपटल्यासारखा गायब होतो आणि उजवीकडच्या सगळ्या खिडक्या डावीकडे येऊन एकमेकींवर पडतात. जेवायला उठताना बटण दाबायची सवय मोडावी लागली. पडदा आपोआप काळा होऊ देते, मग खिडक्या जागच्या जागी राहतात. काही मॉनिटरांच्या मेन्यूत यासाठी 'डीप स्लीप' बंद करायची सोय असते, माझ्यात नाही.

तरी परत एचडीएमआयकडे जाणार नाही. त्या घराण्याचा कारभार मला एरवीही आवडत नाही. ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एएमडीने एचडीएमआय 2.1 मुक्त ड्रायव्हरमध्ये आणायची तयारी केली होती, एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने 2024 मध्ये ती परवानगी नाकारली. माझ्या 60 हर्ट्झच्या पडद्याला त्याने काडीचा फरक पडत नाही, पण 4के, 120 हर्ट्झचा मॉनिटर घेणार असाल आणि कार्ड एएमडीचं असेल तर डिस्प्लेपोर्ट असलेलाच बघा.

आणखी एक गंमत, 'डीडीसीयूटिल' नावाचं छोटं साधन. मॉनिटरचा ब्राइटनेस कीबोर्डवरून बदलता येतो, खालची ती आंधळी बटणं चाचपडावी लागत नाहीत. स्वतःला 'आय2सी' गटात घालून घ्या, नाहीतर दर वेळी पासवर्ड मागेल. मी दोन शॉर्टकट केलेत, दिवसाला 60 आणि रात्रीला 25.

राहिला काळा रंग. ती एक ओळ मी आधी स्टार्टअपमध्ये टाकली होती, पण स्टार्टअप लॉगिननंतर चालतं, म्हणजे पासवर्ड टाकेपर्यंत लॉगिनचा पडदा राखाडीच. घरचे म्हणाले, पाच सेकंदांनी काय बिघडतं? बिघडतं. लाइटडीएमच्या (लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्राम) सेटिंगमध्ये 'डिस्प्ले सेटअप स्क्रिप्ट' म्हणून जागा आहे, ओळ तिथे हलवली, आता लॉगिनही काळं. उरला तो सुरुवातीला मिंटचा लोगो दिसतो तेवढा वेळ, तिथे अजून राखाडी आहे. कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा. "दुर्लक्ष करा" हा सल्ला घरातून मिळालेला आहे.