जाहिरातीतलं मीठ की लोकल पाकीट?
शेजारच्या वहिनी विचारत होत्या की टीव्हीवरचंच मीठ घ्यायचं की किराणावाला देतो ते लोकल आयोडीनवालं, ते बरंच स्वस्त पडतं म्हणून. आयोडीनचं म्हणाल तर 'देश का नमक' वगैरे सोडा, दुकानातल्या कुठल्याही आयोडीनयुक्त पाकिटात कमीतकमी १५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग मिठात १५ भाग आयोडीन असायलाच हवं असा नियमच आहे. फरक पावसाळ्यात कळतो, टाटाने १९८३ ला आणलेलं व्हॅक्युमवालं, म्हणजे निर्वात भांड्यात पाणी आटवून केलेलं, बारीक मीठ सुटं राहतं, लोकलला बरेचदा पाणी सुटतं, पण बरणी घट्ट असेल तर तेही चालतं की! आणि खरं सांगू, दुकानात आपण भाव नाही, ओळखीचं नाव बघून हात घालतो, जाहिरातीने तेवढंच काम केलेलं असतं. कोकणातली दमट हवा, ताटात वरून घ्यायचं तर ब्रँडेड, रोजच्या आमटी-भाजीला लोकल, फक्त पाकिटावर आयोडीन लिहिलंय का बघा. लोणच्याला दोन्ही नको, खडेमीठच.