ड्राफ्ट मार्गदर्शिका: निरीक्षण चोख, गुणांकन फसवे

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, आधी बाजारात येणाऱ्या सशुल्क मार्गदर्शिकांपैकी एक या हंगामात विकत घेतली. 32 संघ 7 फेऱ्यांमध्ये ज्या महाविद्यालयीन खेळाडूंमधून निवड करतात, त्यांच्यातील बहुतेक नावाजलेल्यांची स्वतंत्र टिपणे तीत आहेत आणि ती खरोखर वाचनीय आहेत. बचावपटू अंगावर येताच क्वार्टरबॅकचे, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूचे, पाय जागेवर राहतात की तो घाईने मागे सरकतो, पहिला सहकारी मोकळा नसल्यास दुसऱ्याकडे नजर वळवायला तो किती वेळ घेतो, अशा गोष्टी लिहिणाऱ्याने चित्रफिती बारकाईने पाहूनच टिपल्या आहेत.

तक्रार आहे ती गुणांकनाबद्दल. इंडियानापोलिसच्या चाचणी शिबिरात घड्याळाने मोजलेली 40 यार्डांच्या धावेची वेळ आणि लेखकाने अंदाजाने दिलेले गुण एकाच तक्त्यात, दोन्ही दशांशांत छापल्यामुळे, मोजमाप कुठे संपते आणि अटकळ कुठे सुरू होते हे वाचकाला कळतच नाही. मुळात मोजमापही फारसे तारत नाही: पुढे सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅक ठरलेल्या टॉम ब्रेडीने ही धाव 5.28 सेकंदांत, म्हणजे रमतगमतच, पूर्ण केली होती आणि 2000 साली तो थेट 199 व्या क्रमांकावर निवडला गेला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. पहिल्या फेरीच्या तीन निवडींवर पाणी सोडून त्यांनी 2021 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक ट्रे लान्सला घेतले. आदल्या वर्षी तो महाविद्यालयाकडून एकच सामना खेळला होता, म्हणजे एवढा मोठा डाव तुटपुंज्या पुराव्यावर लावलेला होता. पुढे दुखापतीने त्याचा हंगाम वाया गेला, 2023 मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात तो दुसऱ्या संघाकडे गेला, आणि 2022 च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटी, 262 व्या क्रमांकावर मिळालेल्या क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डीने सॅन फ्रान्सिस्कोलाच फेब्रुवारी 2024 च्या सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेले. दुखापत, प्रशिक्षकाची पद्धत, पुढच्या फळीची ताकद यांतले काहीच खेळाडूच्या गुणांत मावत नाही.

टिपणांसाठी ही मार्गदर्शिका जरूर घ्यावी. कोणता संघ कोणाला घेईल याचे भाकीत करणारी शेवटची पाने मात्र खुशाल वगळावीत. त्या जागी प्रकाशकांनी स्वतःच्या मागील काही वर्षांच्या गुणांकनाचा आणि त्या खेळाडूंच्या पुढील कामगिरीचा तक्ता दिला असता, तर किंमत अधिक वसूल झाली असती.