बॉलबॉयसाठी ‘डिपॉझिट’ मागत असतील तर आधी हे वाचा

जानेवारी २०२४ मध्ये सोलापूरच्या पार्क मैदानावर महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला आणि आमच्या पूर्व भागातल्या पोरांना सीझन बॉलचं वेड लागलं. माझा मुलगाही त्यातलाच. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात एका खासगी टी-ट्वेंटी लीगवाल्यांचा ‘बॉलबॉय व स्वयंसेवक पाहिजेत’ असा मेसेज आला, तेव्हा मी लगेच होकार कळवला. वर आगाऊपणा असा, की गल्लीतली आणखी चार पोरं मीच गोळा केली.

पोरं बारा-तेरा वर्षांची. काम सीमारेषेबाहेर गेलेला चेंडू आणून द्यायचं. प्रत्येकी १५०० रुपये किटचं डिपॉझिट, स्पर्धा संपली की परत. मानधन नाही, पण जेवण, सर्टिफिकेट, खेळाडूंबरोबर फोटो आणि ‘सिलेक्टर बघत असतात हो’ हे वाक्य. त्या वाक्यानंच घात केला. शेजारच्या अक्का विड्या वळतात. त्यांनी दहा-वीसच्या नोटा मोजून माझ्या हातात दिल्या, "अण्णा, तुम्ही आहात ना बरोबर?" म्हणाल्या. पावती मागायचं मला सुचलंच नाही.

सामना रात्रीचा, बोलावणं सकाळी नऊचं. मधल्या वेळात पोरांनी खुर्च्या पुसल्या, पाण्याचे जार उचलले, जाहिरातीचे बोर्ड ओढले. सोलापूरचा मे महिना काय असतो हे सोलापूरकरांना सांगायला नको. ज्या कामासाठी गेली ते सुरू होईपर्यंत पोरं पार गळून गेलेली. दुपारी एक वडापाव, सामना संपल्यावर गार झालेला पुलाव. घरी यायला साडेअकरा. असे चार दिवस. मीही गेटवर फुकटात तिकिटं फाडत होतो, गळ्यात ओळखपत्र अडकवून, मोठ्या रुबाबात!

तिसऱ्या दिवशी जनरेटरवाल्याशी गप्पा मारताना डोक्यात प्रकाश पडला. त्याचा रोज ठरलेला. मंडपवाल्याचा ठरलेला. बर्फवाला तर रोख हातात पडल्याशिवाय लादी उतरवत नव्हता. पंच, स्कोअरर, कॅमेरावाले, सगळ्यांचा हिशोब चोख. अख्ख्या मैदानात फुकट राबणारे आम्ही, आणि वरून पैसे भरून राबणारी आमची पोरं.

मॅनेजरला विचारलं, तर म्हणाला, "साहेब, पॅरिस ऑलिंपिकला ४५ हजार लोक फुकट राबले, तुम्हाला चार दिवस जड झाले?" मी गप्प बसलो. नंतर वाचलं, की तिथल्या स्वयंसेवकांना गणवेश, ड्युटीच्या दिवशी जेवण आणि शहरातला प्रवास मोफत होता. आणि ती सगळी अठराच्या पुढची माणसं होती. हे तेव्हा तोंडावर सांगता आलं असतं तर!

शेवटच्या रात्री टी-शर्ट काढून घेतले. डिपॉझिट ‘आठवड्याभरात’. आठवड्यानं ग्रुप बंद, फोनही बंद. सर्टिफिकेटची पीडीएफ मात्र आली, नावाची जागा कोरी ठेवलेली. पुढच्या सीझनच्या जाहिरातीत पोरांचे हसरे चेहरे झळकले. संमतीपत्र इंग्रजीत होतं. त्यावर न वाचता सही करणारा मीच.

मग ओळखीच्या वकिलांकडे गेलो. १९८६ चा बालकामगार कायदा, त्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही. कलाकार म्हणून किंवा खेळात भाग घ्यायला सूट आहे, पण अशा व्यावसायिक कार्यक्रमासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांच्या वर थांबवायचं नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती, जास्तीत जास्त ५ मुलांमागे एक जबाबदार माणूस, आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावानं बँकेत. इथं कमाईच नव्हती, उलट पोरांनीच पैसे भरले होते. आणि जार उचलणं हा कुठला खेळ?

म्हणून, कुणी बोलावलं तर आधी परवानगीचं पत्र बघायला मागा. पत्र नाही म्हणाले तर पोराला घेऊन सरळ घरी या. कामाच्या नावाखाली डिपॉझिट तर देऊच नका. एखादं पोर अडकलंय असं दिसलं तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा, तो फुकट लागतो. आम्ही पाच घरांनी मिळून तक्रार अर्ज दिलाय, पोच घेतलीय.

अक्कांचे पैसे मी खिशातून दिले. नको नको म्हणत त्यांनी घेतले. त्यांच्या पोरानं सर्टिफिकेटची प्रिंट काढून कोऱ्या जागेत स्वतःच्या अक्षरात नाव लिहिलंय आणि ते विड्यांच्या सुपावरच्या भिंतीला चिकटवलंय.