रोजची गोळी की महिन्याचं इंजेक्शन?

धाकट्या भावाला स्किझोफ्रेनियाची गोळी दिली की आई लालबागच्या आमच्या खोलीत त्याचा घसा हलतो का ते बघत उभी राहायची. तरी एकदा उशीचा अभ्रा धुवायला काढला आणि अकरा गोळ्या जमिनीवर सांडल्या. गोळी स्वस्त, डोस कमी-जास्त करणं सोपं. पण जरा बरं वाटलं की पहिली सुटते ती गोळीच.

इंजेक्शन दंडात किंवा कमरेत. फ्लुफेनाझिन जुनं, स्वस्त, साधारण दोन ते चार आठवड्यांनी. पॅलिपेरिडोन महिन्याने, पण खिशाला जड. औषध स्नायूतून हळूहळू रक्तात उतरतं. तारीख चुकली तर दवाखान्यात लगेच कळतं. उशीतल्या गोळ्यांचं तसं नाही. मात्र अंग आखडलं, हात थरथरले, तर टोचलेलं परत काढता येत नाही. म्हणून डॉक्टर बहुधा आधी तेच किंवा त्याच जातीचं औषध गोळीतून देऊन बघतात.

माझा कौल इंजेक्शनला, तोही भावाने स्वतः ‘चालेल’ म्हटल्यावर. आता रात्री आई त्याला तोंड उघडायला लावत नाही. दोघं कॅरम खेळतात, आणि ती सोंगट्या ढापते.