संशोधनासाठी कुठे: मुक्त विद्यापीठ की अनुदानित महाविद्यालय?

नाशिक सोडायचं नाही, प्राध्यापकी करायची आणि संशोधनही, असं ठरवलेल्यांपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. गंगापूर धरणाजवळचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाहीतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न एखादं अनुदानित महाविद्यालय. (म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ वैद्यकीयवाल्यांचं, ते इथे सोडून देतो.) पद दोन्हीकडे सहायक प्राध्यापकाचंच. फरक पडतो तो दिवस कशात जातो त्यात.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवावं लागतं. महाविद्यालयात त्यावर नॅकच्या (महाविद्यालयाचं मूल्यांकन करणारी संस्था) फायली, परीक्षांचं पर्यवेक्षण, प्रवेश समिती, एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजना) शिबिर. लिहायला उरते दिवाळीची सुट्टी. मुक्त विद्यापीठात रोजचा वर्ग नाही म्हणून निवांतपणा असेल, हा मात्र गैरसमज. अभ्यासक्रमाची पुस्तकं लिहून घेणं, संपादन, अभ्यासकेंद्रं, परीक्षा, आणि हे सगळं राज्यभरासाठी. तरी तासिकांनी दिवस चिरला जात नाही, हा फायदा खरा.

शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, कृषी विस्तार असे विषय असतील तर माझं मत मुक्त विद्यापीठाला. शाळा सुटल्यावर वीस वर्षांनी पदवीला बसलेली गृहिणी, नोकरी सांभाळून शिकणारा शिपाई, शेतकरी: असा विद्यार्थीवर्ग दुसरीकडे शोधत फिरावं लागेल, इथे तो नोंदणीतच आहे. एक लक्षात ठेवा, नावात ‘मुक्त’ असलं तरी पीएचडी दूरशिक्षणाने करता येत नाही.

रसायन, वनस्पतिशास्त्रवाल्यांनी फार घोळ घालू नये, महाविद्यालय. पण पदव्युत्तर विभाग आणि मान्यताप्राप्त संशोधन केंद्र असलेलंच. यूजीसीच्या २०२२च्या पीएचडी नियमांत पीएचडीधारक सहायक प्राध्यापकाला तीन शोधनिबंधांवर गाईड होता येतं, चार विद्यार्थी घेता येतात. केंद्रच नसेल तर ती गाईडशिप कागदावर राहते. ग्रंथपालांनाही भेटा. १ जानेवारी २०२५ पासूनची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ (संशोधन नियतकालिकं ऑनलाइन वाचायची केंद्राची योजना) सरकारी संस्थांसाठी आहे. खासगी संस्थेच्या महाविद्यालयात बहुधा एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ई-ग्रंथ सेवेवरच भागवावं लागेल.

निधीचं म्हणाल तर आयसीएसएसआरकडे (सामाजिक शास्त्रांतल्या संशोधनाला पैसे देणारी केंद्राची परिषद) दोन्हीकडून अर्ज जातात. प्रकल्प मंजूर होतोही. खरी कसोटी मंजूर पैशातून प्रिंटरचं साधं कार्ट्रिज विकत घेताना लागते.

रुजू होण्याआधी त्या विभागातल्या सर्वांत नव्या सहायक प्राध्यापकाला चहाला बोलवा. गेल्या वर्षी किती दिवस अध्यापनाबाहेरच्या कामात गेले, ते विचारा. मुलाखतीत हा आकडा कोणी सांगत नाही.