बास्केटबॉल रेफरन्स: तेरा संघ फिरलेल्या खेळाडूचं पान कसं वाचायचं

बास्केटबॉल रेफरन्स ही एनबीएच्या (अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) आकडेवारीची साइट फुकट आहे आणि नोंदणी न करताही वापरता येते. स्टीफन करीसारख्या खेळाडूचं पान तिथे वाचायला काहीच कष्ट पडत नाहीत. एक हंगाम म्हणजे एक ओळ, संघ सगळीकडे तोच. साइटचा खरा कस लागतो तो इश स्मिथसारख्याच्या पानावर. २०१०च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, याला कोणीच निवडलं नाही, तरी तो १४ हंगाम टिकला आणि १३ वेगवेगळ्या संघांकडून खेळला. हा एनबीएतला विक्रम आहे. त्याआधीचा १२ संघांचा विक्रम चौघांच्या नावावर होता: चकी ब्राउन, जिम जॅक्सन, टोनी मॅसेनबर्ग आणि जो स्मिथ. यांतला जो स्मिथ तर १९९५च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू.

अशा खेळाडूला तिकडे जर्नीमन म्हणतात, आणि त्याची कारकीर्द समजून घ्यायला फुकटात मिळणारी याहून चांगली जागा नाही. फक्त पान वाचायची दिशा उलटी ठेवावी लागते. वरच्या सरासऱ्या शेवटी, तळाचे व्यवहार आधी.

पान उघडलं की नावाशेजारी जर्सींच्या छोट्या चित्रांची रांग दिसते. प्रत्येक चित्रावर खेळाडूचा नंबर असतो आणि त्यावर कर्सर नेला की संघ आणि वर्षं कळतात. करीच्या पानावर एक जर्सी आहे, इश स्मिथच्या पानावर जर्सींची अख्खी दोरी वाळत घातलेली. तिथेच २०२२-२३च्या विजेतेपदाचा बिल्ला आहे, कारण तेरावा संघ डेन्व्हर नगेट्स त्या वर्षी जिंकला. बिल्ला पाहून फसू नका. जिंकणाऱ्या संघात असणं आणि जिंकून देणाऱ्या पाचांत असणं यांतला फरक बिल्ल्यावर दिसत नाही. प्लेऑफचा (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांचा) टॅब उघडून मिनिटांचा रकाना पाहिला की त्याच्या वाट्याला किती थोडा खेळ आला ते लगेच समजतं.

आता सरळ तळाशी जा. तिथे व्यवहारांची यादी आहे: तारीख, कोणी करार केला, कोणी सोडलं, कोणी कोणाला दिलं. जर्नीमनच्या पानाचा जीव या यादीत आहे. इश स्मिथच्या यादीतल्या ट्रेड (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदली) एकेक करून वाचल्या तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. फेब्रुवारी २०११मध्ये तो ह्यूस्टनहून मेम्फिसला गेला, पण त्या व्यवहाराचा मुख्य माणूस शेन बॅटिए होता. फेब्रुवारी २०१३मध्ये तो ऑर्लँडोहून मिलवॉकीला गेला तेव्हा मिलवॉकीला हवा होता जे. जे. रेडिक आणि ऑर्लँडोच्या हाती लागला टोबायस हॅरिस. जुलै २०२२मध्ये वॉशिंग्टनहून डेन्व्हरला जातानाही सोबत कॅन्टेव्हियस कॉल्डवेल-पोप होता, आणि डेन्व्हरचा डोळा त्याच्यावरच होता. म्हणजे बहुतेक वेळा इश स्मिथ हा व्यवहारातला वजनाचा शेवटचा काटा.

याचं कारण पगाराच्या नियमांत आहे. पगारमर्यादा ओलांडलेल्या संघाला ट्रेडमध्ये दिलेला आणि घेतलेला पगार ठरावीक प्रमाणात जुळवावा लागतो. शिवाय नियमित करारांच्या जागा १५च असतात. छोट्या पगाराचा, एका वर्षाच्या करारावरचा राखीव पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणारा) या दोन्ही गणितांत चपखल बसतो. त्याला दिल्याने कोणाचं फारसं बिघडत नाही आणि घेतल्याने कोणाची तिजोरी रिकामी होत नाही.

त्या यादीतली क्रियापदं नीट वाचायला हवीत. संघाने खेळाडूला ‘वेव्ह’ केलं, म्हणजे सोडलं, की तो ४८ तास वेव्हरवर, म्हणजे इतर संघांना उचलता येईल अशा यादीत, राहतो. त्या वेळात दुसऱ्या संघाने ‘क्लेम’ केलं तर जुना करार जसाच्या तसा त्या संघाकडे जातो आणि खेळाडूला कुठे जायचं हे विचारलंही जात नाही. कोणीच क्लेम केलं नाही तर तो मोकळा होतो आणि हवं तिथे सही करू शकतो. यादीत ‘क्लेम’ दिसलं की समजावं, कोणाला तरी तो खरोखर हवा होता. ‘दहा दिवसांचा करार’ दिसला तर तारीख पाहा. असे करार ५ जानेवारीपासून करता येतात, ते दहा दिवस किंवा तीन सामने यांपैकी जे लांब असेल तेवढे चालतात, आणि एका हंगामात एकाच संघाला त्याच खेळाडूशी असे दोनच करार करता येतात. तिसऱ्यांदा हवा असेल तर उरलेल्या पूर्ण हंगामासाठी ठेवावं लागतं. त्यामुळे लागोपाठ दोन दहा-दिवसी करार आणि मग ‘वेव्ह’ही नाही नि नवा करारही नाही, असं दिसलं तर संघाने त्या टप्प्यावर नकार दिला एवढाच त्याचा अर्थ. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ‘वेव्ह’ची गर्दी दिसते तीही उगाच नाही. १० जानेवारीला उरलेले करार हंगामभरासाठी पक्के होतात, म्हणून संघ त्याआधी हात मोकळे करतात.

संघ मोजताना इथे हमखास घोळ होतो. व्यवहारांच्या यादीत दिसणारे सगळे संघ ‘१३’मध्ये धरलेले नाहीत. फेब्रुवारी २०१५मध्ये ओक्लाहोमा सिटीने इश स्मिथला न्यू ऑर्लिन्सला दिलं, त्यांनी लगेच सोडलं आणि फिलाडेल्फियाने क्लेम केलं. त्या फेरीत तो न्यू ऑर्लिन्सकडून एक मिनिटही खेळला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनने त्याला हंगामापूर्वीच सोडलं. हे दोन्ही संघ १३मध्ये आहेत, पण ते पुढे तो त्यांच्याकडून खरोखर खेळला म्हणून. तेव्हा संघ मोजायचे असतील तर वरच्या हंगामनिहाय तक्त्यातून मोजा, तळाच्या यादीतून नाही.

त्या तक्त्यातही सापळा आहेच. आयपीएलमध्ये एरन फिंच नऊ संघांकडून खेळला, त्यात पुणे वॉरियर्स आणि मुंबई इंडियन्सही होते. पण तिथे संघ दोन हंगामांच्या मध्ये बदलतो, म्हणून एका वर्षाला एक ओळ पुरते. एनबीएत फेब्रुवारीत, हंगाम अर्ध्याच्या पुढे गेल्यावर ट्रेड होतात. मग त्या हंगामाच्या तीन ओळी होतात: एक एकत्रित, दोन संघनिहाय. एकत्रित ओळीवर पूर्वी ‘टीओटी’ लिहिलेलं असायचं, २०२४पासून संघांच्या संख्येप्रमाणे ‘२टीएम’, ‘३टीएम’ असं येतं. जुनी एक्सेल सूत्रं ‘टीओटी’ शोधत असतील तर ती तिथेच मोडतात. तक्ता सीएसव्हीमध्ये काढून रकान्याची बेरीज मारली तर त्या हंगामाचे गुण दोनदा धरले जातात. एक तर एकत्रित ओळी ठेवा, नाही तर संघनिहाय. दोन्ही नको.

एकत्रित ओळ वाचायलाही फसवी असते. २०१५-१६मध्ये इश स्मिथ न्यू ऑर्लिन्सकडून २७ सामने खेळला, सरासरी ८.९ गुण. २४ डिसेंबरला दुसऱ्या फेरीच्या दोन ड्राफ्ट हक्कांच्या बदल्यात तो फिलाडेल्फियाला गेला, तिथे ५० सामने, १४.७ गुण आणि ७ असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटआधीचे पास). एकत्रित सरासरी साडेबाराच्या आसपास येते, आणि या आकड्याचा खेळाडू त्या हंगामात कुठेच अस्तित्वात नव्हता. एक न्यू ऑर्लिन्सचा राखीव गार्ड होता, दुसरा फिलाडेल्फियाचा पहिल्या पाचातला (सामना सुरू करणाऱ्या पाचांतला) चालक. तो आला तेव्हा फिलाडेल्फिया १ विजय, ३० पराभव अशा अवस्थेत होता आणि हंगाम १०-७२वर संपला. चांगला गार्ड नसलेल्या संघात चेंडू सतत हातात असलेल्या माणसाचे आकडे फुगतात हे खरं. पण १-३०वरून उरलेल्या सामन्यांत ९ विजय हेही खरंच. संघाच्या त्या हंगामाच्या पानावर वेळापत्रक उघडलं की २६ डिसेंबरला, तो आल्यावर लगेच, फिनिक्सविरुद्धचा दुसरा विजय दिसतो. सरासरीपेक्षा ही ओळ जास्त बोलते.

‘३६ मिनिटांमागे’ हा टॅब (खेळाडू ३६ मिनिटं खेळला असता तर आकडे किती झाले असते) राखीव खेळाडूंची तुलना करायला बरा, पण मिनिटं भरपूर असतील तरच. सिम भुल्लरचं पान याचं उत्तम उदाहरण. पंजाबी आईवडिलांचा, टोरँटोचा हा सात फूट पाच इंची सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) एप्रिल २०१५मध्ये सॅक्रामेंटोकडून खेळला आणि भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू ठरला. सामने ३, मिनिटं जेमतेम ३, गुण २. आता ३६ मिनिटांचं गणित मांडा: सामन्यामागे सुमारे २४ गुण! साइट गणित चुकत नाही, पण ते मांडू नये हेही सांगत नाही. मिनिटांचा रकाना ५००च्या खाली असेल तर हा टॅब उघडूच नये, असं आमचं मत.

जर्नीमनसाठी सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे गेम लॉग, सामनानिहाय नोंद. तिथे खेळलेले सामनेच नाहीत, न खेळलेलेही असतात, कारणासकट: बाकावर बसून राहिला, गणवेशातच नव्हता, संघासोबत नव्हता. ‘बाकावर’च्या ओळी लागोपाठ वाढू लागल्या की ट्रेड किंवा ‘वेव्ह’ जवळ आलं असं समजावं. पहिल्या पाचात खेळला की नाही याचा रकानाही तिथेच आहे. जुलै २०१६मध्ये डेट्रॉइटने इश स्मिथला तीन वर्षांसाठी १ कोटी ८० लाख डॉलर दिले. त्या हंगामाच्या लॉगमध्ये सुरुवातीचे २१ सामने तो पहिल्या पाचात दिसतो, मग बाकावरून. कारण नेहमीचा गार्ड रेजी जॅक्सन गुडघ्याच्या दुखण्यातून परतला. राखीव गार्डला एवढा पगार कशासाठी, याचं उत्तर त्या २१ ओळींत आहे.

एका संघाचे हंगामात ८२ सामने असतात. लॉगमध्ये त्याहून जास्त दिसले तर टंकनदोष समजू नका. हंगामात संघ बदलला आणि नव्या संघाचे सामने कमी झालेले असले की बेरीज पुढे जाते. वॉल्ट बेलामी १९६८-६९मध्ये न्यूयॉर्क आणि डेट्रॉइट मिळून ८८ सामने खेळला. अलीकडे २०२२-२३मध्ये मिकाल ब्रिजेस ८३.

पगाराचा तक्ता मात्र डोळे मिटून वापरू नये. आकडे पूर्ण नसतील आणि मिळालेले सगळे बोनस त्यात नसतील अशी सूचना साइटच देते. वर्षानुवर्षं एकाच मोठ्या करारावर खेळणाऱ्याला याने फरक पडत नाही, पण सोडलेले, अर्धवट पक्के, दहा दिवसांचे असे करार असणाऱ्याची बेरीज याच फटींतून गळते. कराराची कलमं हवी असतील तर स्पॉटरॅक ही साइट बरी.

आणि मोठी उणीव एनबीएबाहेर. असा खेळाडू मधली वर्षं जी लीगमध्ये (एनबीएच्याच दुय्यम लीगमध्ये), युरोपात, चीनमध्ये काढतो. बास्केटबॉल रेफरन्सवर जी लीगचा विभाग आहे, युरोलीग, स्पेन, इटली, ग्रीस, चीन, ऑस्ट्रेलिया वगैरेंचाही आहे, पण ही सगळी वेगळी पानं. मुख्य पानावर त्या वर्षांचे आकडे दिसत नाहीत. तिथून दुवा शोधून दुसरं पान उघडायचं आणि कालक्रम स्वतःच जुळवायचा. सतनाम सिंग हा ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय, २०१५मध्ये डॅलसने त्याला ५२व्या क्रमांकावर घेतलं. ड्राफ्टच्या तक्त्यात त्याचं नाव सापडतं, पण पुढचे रकाने रिकामे, कारण तो एनबीएत एकही सामना खेळला नाही. टेक्सस लेजेंड्सकडून तो जे खेळला ते जी लीगच्या विभागात, आणि नंतर भारतात व कॅनडात जे खेळला त्यासाठी दुसरीकडेच जावं लागतं. परदेशी लीगसाठी रिअलजीएम ही साइट जास्त पसरट आहे. दिसायला जुनाट, पण नोंदी भरपूर.

मोबाईलवर तक्ते आडवे सरकवत बसावं लागतं. जर्नीमनच्या पानावर ओळी जास्त असल्याने कोणता हंगाम चालला आहे याचा धागा सुटतो. शक्य असेल तर संगणकावरच वाचा. पायथनने पानं आपोआप उतरवणाऱ्यांनी मिनिटाला २० विनंत्यांची मर्यादा पाळावी, नाही तर साइट काही काळ दार बंद करते.

याच कंपनीची स्टॅटहेड ही शोधसेवा पैसे देऊन घ्यावी लागते. एकेका खेळाडूची कारकीर्द वाचायला तिची गरज नाही. निवडलेल्या दोन-तीन संघांकडून कोण कोण खेळलं याची यादी फुकटच मिळते, गमतीजमतींच्या विभागात. २०२३मध्ये कंपनीने इमॅक्युलेट ग्रिड हे कोडं विकत घेतलं, तेव्हापासून अशा खेळाडूंना नवाच भाव आला आहे. नऊ चौकटी, प्रत्येकीत दोन अटी, अनेकदा दोन संघ. जे उत्तर कमी लोकांनी दिलं ते जास्त मोलाचं. इश स्मिथ आता सगळ्यांनाच पाठ झाला आहे, त्यामुळे तिथे टोनी मॅसेनबर्ग लिहिणं फायद्याचं.