एका वर्षानंतर की दोन? अमेरिकेत विद्यापीठ बदलण्याआधी

अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या विद्यापीठात पदवीचं शिक्षण सुरू आहे आणि तितक्याच किंवा जास्त चुरशीच्या दुसऱ्या विद्यापीठात जायचं आहे. अशा वेळी सगळे 'कुठे' याचाच विचार करत बसतात. खरं तर 'कधी' हे आधी ठरवायला हवं. पहिलं वर्ष संपवून दुसऱ्यात जाता येतं, त्याला सोफमोर ट्रान्सफर म्हणतात. किंवा दोन वर्षं काढून तिसऱ्यात, ती ज्युनियर ट्रान्सफर. त्याहून उशीर केला तर हाती फारसं काही उरत नाही. हार्वर्ड आणि येलला पदवीसाठी किमान दोन वर्षं आपल्याच वर्गात काढलेली लागतात, कोलंबियाला किमान 60 पॉइंट्स (म्हणजे क्रेडिट) तिथेच मिळवलेले लागतात.

अर्जात काय दिसतं

हार्वर्ड आणि येलची ट्रान्सफरची मुदत 1 मार्च, स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलची 15 मार्च. म्हणजे पहिल्या वर्षी अर्ज करणाऱ्याच्या हातात फक्त फॉल सेमिस्टरचे (ऑगस्ट-डिसेंबर सत्राचे) गुण असतात. त्याला जोड म्हणून अनेक विद्यापीठांच्या सामायिक अर्जाचा, म्हणजे कॉमन अ‍ॅपचा मिड-टर्म रिपोर्ट, ज्यात चालू विषयांचे तात्पुरते गुण भरून घ्यायचे असतात. एवढ्यावर निर्णय होत नाही, म्हणून बारावीचे आणि एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण पुन्हा वर येतात. गेल्या वर्षी जी फाइल नाकारली गेली, तीच चार महिन्यांची भर घालून परत जाते. बारावी हीच दुखरी बाजू असेल तर पहिल्या वर्षीचा अर्ज म्हणजे बहुतेक वेळा फुकट गेलेली फी.

दोन वर्षांनी जाणाऱ्याकडे तीन सेमिस्टरचे गुण असतात आणि बारावी मागे पडते. शिफारसपत्रांचंही तसंच. पहिल्या वर्षीच्या तीनशे जणांच्या वर्गात प्राध्यापकाला तुमचं नावही ठाऊक नसतं, पेपर टीए (शिकवण्यात मदत करणारा विद्यार्थी) तपासतो. 'मुलगा हुशार आहे, वर्गात नियमित येतो' छापाची दोन पत्रं निरुपयोगी. दुसऱ्या वर्षी छोट्या वर्गात किंवा लॅबमध्ये काम केलं असेल तर पत्रात सांगण्यासारखं काही असतं.

खाजगी विद्यापीठं बारावीचं मार्कशीट पुन्हा मागतात. डिसेंबरच्या सुटीत पुण्या-कोल्हापूरला जाणार असाल तर कनिष्ठ महाविद्यालयातून सही-शिक्क्याच्या प्रती आणि महाविद्यालयाच्या ईमेलवरून पाठवण्याची सोय तेव्हाच करून घ्या. फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षांच्या धामधुमीत तिथे फोन कोणी उचलत नाही.

पहिल्या वर्षाच्या बाजूने एक ठळक अपवाद: कॉर्नेलची काही कॉलेजं प्रथम वर्षाला नाकारलेल्या निवडक विद्यार्थ्यांना 'ट्रान्सफर ऑप्शन' देतात. दुसऱ्या विद्यापीठात एक वर्ष, ठरवून दिलेले विषय आणि ठरवून दिलेले गुण, की दुसऱ्या वर्षात जागा. असं पत्र हातात असेल तर पुढची तुलना वाचायची गरज नाही. हार्वर्ड मात्र वर्षाला साधारण डझनभरच ट्रान्सफर घेतं आणि प्रिन्स्टनने तर 1990 पासून 2018 पर्यंत एकही घेतला नव्हता. तिथे वर्ष कुठलंही असो, बेत त्यावर बांधू नये.

कॅलिफोर्नियाचं गणित वेगळं

बर्कली, यूसीएलए आणि बाकीच्या यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) कॅम्पसचा प्रवेश मुख्यतः तिसऱ्या वर्षालाच असतो. 60 सेमिस्टर युनिटं (क्रेडिट) किंवा, वर्षात छोटी क्वार्टर सत्रं असतील तर, 90 क्वार्टर युनिटं लागतात. अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे खाजगी विद्यापीठांच्या तीन-साडेतीन महिने आधी. शिफारसपत्रं नाहीत, एसएटी नाही. 350 शब्दांपर्यंतची चार उत्तरं लिहायची, त्यातलं एक मेजरच्या (मुख्य विषयाच्या) तयारीवर सक्तीचं. जानेवारीत फॉलचे गुण अर्जात जाऊन भरावे लागतात आणि ते विसरणारे दरवर्षी निघतात.

इथे दोन ठिकाणी घोडं अडतं. पहिलं, 'राहिलेली युनिटं उन्हाळ्यात भरून काढू' हा बेत बर्कली-यूसीएलएला चालत नाही, ती स्प्रिंगअखेर, म्हणजे उन्हाळी सुटीआधी, पूर्ण लागतात. दुसरं, वरच्या पातळीचे कोर्स धरून तुमची युनिटं 80 सेमिस्टरच्या पुढे गेली तर 'जास्त झाली' म्हणूनही अर्ज अडू शकतो. हौसेने जादा कोर्स घेणाऱ्यांनी हे आधी मोजावं. शिवाय यूसीत पहिला मान कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतून (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांतून) येणाऱ्यांचा. न्यूयॉर्क किंवा बॉस्टनच्या महागड्या विद्यापीठातून येणारा त्यांच्यामागे रांगेत असतो, हे पालकांना पटवणं अवघड जातं.

क्रेडिट: खरा तोटा इथे होतो

क्रेडिट मान्य होणं आणि ते मेजरमध्ये धरलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवं विद्यापीठ 60 युनिटं घेईलही, पण त्यातली 20 'मुक्त विषय' म्हणून पडून राहिली तर पदवीला पाचवं वर्ष लागतं. एका वर्षानंतर गेलात तर नुकसान झालंच तर दोन-तीन कोर्सचं. दोन वर्षांनी गेलात तर डेटा स्ट्रक्चर्स, लिनियर अल्जेब्रा, सर्किट्स अशी अख्खी साखळी पणाला लागते. त्यातली एक कडी मान्य झाली नाही की पुढचे तीन कोर्स एक सेमिस्टर लांबतात.

क्वार्टरमधून सेमिस्टर पद्धतीत जाताना विशेष सांभाळा. 4 क्वार्टर युनिटांची 2.67 सेमिस्टर युनिटं होतात आणि त्यात 4 युनिटांचा कोर्स बसत नाही. कॅल्क्युलससारखी मालिका मध्येच सोडून निघू नये, एका जागी संपवावी. प्रत्येक कोर्सचा सिलॅबस, पाठ्यपुस्तकाचं नाव आणि लॅबच्या तासांसकट, पीडीएफमध्ये ठेवा. विद्यापीठाचा ईमेल बंद झाल्यावर तो मिळवणं कटकटीचं होतं. एपीचे (शाळेतच दिलेल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांचे) गुण नव्या ठिकाणी नव्याने तपासले जातात, आधी मिळालेलं क्रेडिट आपोआप सोबत येत नाही.

मेजरबद्दल एकच: कॉम्प्युटर सायन्स हवं असेल तर अर्ज थेट त्यालाच करा. दुसऱ्या विषयातून आत शिरून मग बदलू, हा मार्ग बर्कलीसारख्या ठिकाणी जवळपास बंद झाला आहे.

पैसा आणि व्हिसा

गुणवत्तेच्या मोठ्या शिष्यवृत्त्या बहुतेक प्रथम वर्षासाठी राखलेल्या असतात. सध्याची शिष्यवृत्ती सोडून निघताना उरलेल्या सर्व वर्षांचा फरक मांडा. पहिल्या वर्षानंतर निघालात तर तो तीन वर्षांचा, दुसऱ्यानंतर दोनच. यूसीत परराज्य-परदेशातून 2025 च्या फॉलला नव्याने आलेल्यांना नेहमीच्या फीवर वर्षाला 37,602 डॉलर्सची भर पडते. स्टॅनफर्डला परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी आर्थिक मदत मागितली नसेल तर नंतर मागता येत नाही.

एफ-1 या विद्यार्थी-व्हिसावर असाल तर व्हिसा नवा लागत नाही. सेविस (सरकारच्या विद्यार्थी-नोंदीचा) क्रमांक तोच राहतो, नवा आय-20 (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला दाखला) मिळतो. पण जुन्या डीएसओने (विद्यापीठातल्या व्हिसाविषयक अधिकाऱ्याने) टाकलेली रिलीज डेट, म्हणजे तुमची नोंद नव्या विद्यापीठाकडे जाण्याची तारीख, कळीची असते. त्या दिवशी जुन्या विद्यापीठाच्या नावावरची कामाची परवानगी संपते, मग ती कॅम्पसवरची नोकरी असो, सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम) असो वा ओपीटी (अभ्यासाशी निगडित मर्यादित काळाचं काम). इथे दोन वर्षांनंतर जाणारा जास्त अडकतो, कारण पगारी इंटर्नशिप बहुधा त्याच उन्हाळ्यात असते आणि नव्या ठिकाणची सीपीटी वर्ग सुरू झाल्याशिवाय मिळत नाही. त्यामुळे इंटर्नशिपचा शेवटचा दिवस आधी कंपनीकडून लेखी घ्या, रिलीज डेट त्याच्यानंतरची आणि नव्या सत्राच्या आधीची मागा, आणि सत्र सुरू झाल्यापासून 15 दिवसांच्या आत नव्या डीएसओकडे हजेरी लावा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इंटर्नशिप संपून शेवटच्या आठवड्यात वर्ग सुरू होत असतील तर मधले दिवस थोडेच असतात, म्हणून तारीख मे महिन्यातच दोन्ही डीएसओंना कळवून ठेवावी.